डोळ्याची कड

थेंब बाटलीच्या तोंडाशी लोंबत राहिला, फुगला, तरी पडेना. आपण बाटली दाबतोय की नुसती धरून उभ्या आहोत, हेच शुभदाला कळेना.

"दादा, वर बघ."

हरिश्चंद्रने मान वर केली. बुबुळांच्या जागी पांढुरकी साय, तिच्यावर लाल, बारीक शिरा... वर म्हणजे कुठे, हे त्याला अजून कळत असेल? थेंब पडला, गालावरून ओघळला, आणि तिनं तो पदरानं टिपला.

मोरवा गावातल्या दादाच्या या घराला दिवाळीआधी चुना काढायचा म्हणून त्यानं पिंपात कळीचा चुना भिजवला होता. वाकून ढवळताना उसळून दोन्ही डोळ्यांत गेला. पुढे महिनोन् महिने डॉक्टर म्हणत राहिले, जखम भरतेय — आणि दिसणं मात्र कमी कमी होत गेलं. भरतेय तर मग बरंच ना, असं तिनंच विचारलं होतं.

"भरतेय, पण चुकीच्या कातडीनं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. काळ्या भागाच्या कडेला मूळ पेशी असतात, डोळ्यावरचा काचेसारखा थर त्या सतत नवा करत राहतात. दादाची ती कडच जळून गेली, म्हणून पांढऱ्या भागाची कातडी आत सरकतेय. सख्ख्या बहिणीच्या कडेचा एवढासा तुकडा लावून बघता येईल. तपासण्या जुळल्यात. तुमच्या डोळ्याची जखम भरून येईल. धोका थोडा, पण अजिबात नाही असं नाही म्हणणार मी... आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत शुभदा 'हो' म्हणाली होती. अनसूया वहिनी तिचा हात धरून रडली होती.

इतक्या घाईनं का म्हणाले मी? वहिनी समोर होती म्हणून? तेव्हापासून भाईंदर पूर्वेच्या आपल्या घरात साड्यांना फॉल लावताना ती उगाच एक डोळा मिटते, मग दुसरा — सुईचं नेढं जागा बदलतं, आणि खरं कुठलं ते ठरत नाही.

आणि दादा... स्वप्नीलशी, परजातीतल्या मुलाशी लग्न केलं म्हणून याच दादानं कित्येक वर्षं तिच्याकडे पाहिलं नव्हतं. बाजारात समोरासमोर आली, तर हिच्या मागे कुणी उभं असल्यासारखा पलीकडे बघायचा. मग एका गणपतीत म्हणाला, "जेवून जा." बस्स. पुढे सगळं नीट. आत काय भरून आलं होतं, कुणी पाहिलं नाही, तिनंही नाही.

"मी डॉक्टरला 'न्हाय' म्हणून सांगितलंय," तो अचानक म्हणाला.

"नाही कशाला?"

"तुजा डोला नको मना, बाय."

"अरे, पण मी हो म्हटलंय ना!"

"तू म्हटलंस. मी न्हाय म्हटला. तुला सुईचं काम हाय."

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी म्हणाली, "शुभदा, तू तरी समजाव यांना. माजं ऐकत न्हाय."

शुभदाच्या छातीतून काहीतरी सुटलं, हलकं झालं — आणि त्या हलकेपणाचीच तिला भीती वाटली. तिनं दादाच्या डोळ्यांत पाहिलं. पूर्वी तिथं बघितलं की कळायचं, रागावलाय की गंमत करतोय. हा जीव लावून नाही म्हणतोय, की अजूनही माझ्याकडून काही घ्यायचं नाही म्हणून? साय. शिरा. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"माझ्यावर राग आहे का तुझा?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मग त्यानं चाचपडत हात पुढे केला, तिचा खांदा सापडला, गाल सापडला. अंगठा डोळ्याच्या जरा खाली येऊन थांबला आणि झटकन मागे गेला, भाजल्यासारखा.

"जा आता. उशीर होल," तो म्हणाला.

रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्यानं "स्टेशन?" विचारलं, ती मानेनंच हो म्हणाली. सुटले, असं ती मनात म्हणून पाहत होती, पण शब्द बसत नव्हता. उद्या पुन्हा जाऊन भांडेन त्याच्याशी... की नाही जाणार? हॉस्पिटलात सगळे 'देणार ना?' विचारत होते तेव्हा उत्तर तयार होतं. आता कुणीच विचारत नव्हतं, आणि आता कुठे तिला तो प्रश्न ऐकू येऊ लागला होता.