दुसरा गिअर

दुसऱ्याच्या गाडीची किल्ली मागायची नाही. आमच्या रविवारच्या मंडळींत नियम म्हणाल तर एवढा एकच. बाकी काहीही मागा. पाना मागा, पंप मागा, सीमेपलीकडे गाडी बंद पडली तर ओढायला या म्हणा, लोक जेवणाचं ताट सोडून येतील. पण किल्ली मालकानं आपणहून पुढे केली तरच घ्यायची, आणि तीही आधी नको नको म्हणून. इतक्या वर्षांत असं पुढे करताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

गाडीच्या कंपनीचं नावही आम्ही घेत नाही. मोदेना आणि डोंगर यांच्या मधल्या पट्ट्यात ते घ्यावं लागत नाही, कारखाना इथलाच. आम्ही एकमेकांना सालानं ओळखतो. मी एकोणऐंशी, पिवळी. इवानो पंच्याऐंशी, हॅमचा व्यापारी, बोलणं मोठं, मन त्याहून मोठं. तुल्लियो एकाहत्तर, नोटरी आहे, आणि गाडीचा स्क्रूसुद्धा मूळचा नसेल तर त्याला झोप येत नाही. नव्या गाड्या घेऊन तरुण पोरंही येतात. स्टिअरिंगमागे दोन पाती असतात, बोटानं टिचकी मारली की गिअर पडतो. त्यांना आम्ही पियानोवाले म्हणतो आणि रांगेत मागे ठेवतो.

मी पहिल्यांदा आले तेव्हा इवानोनं विचारलं होतं, "मिस्टर पार्किंगला गेलेत का?" मी म्हटलं, "मिस्टर नाहीत, गाडी आहे. दोन्ही परवडत नव्हतं." मी डुकरांची डॉक्टर आहे. आमच्या भागात माणसांच्या डॉक्टरपेक्षा बरं चालतं.

तेव्हा सगळे हसले, पण पुढे येऊन हात मिळवला तो एकट्या मास्तरांनी. ओरेस्ते वांदेल्ली त्यांचं नाव. सास्सुओलोला त्यांचा फरशीचा कारखाना होता, तो आता मुलगा बघतो. आमच्यात सगळ्यांना अरे-तुरे चालतं, फक्त त्यांना अहो-जाहो. त्यांची लाल चौसष्ट रांगेत सगळ्यात पुढे असते आणि तिला कुणी ओलांडत नाही. गिअर कसा टाकावा हे आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं, तेही शेजारी न बसता. त्यांच्या मागे जायचं आणि ऐकायचं. वळणाआधी त्यांच्या गाडीचा आवाज चढला की आपण क्लच दाबायचा. माझे कान त्यांनी तयार केले.

त्यांची जीभ मात्र तिखट. मागे ज्यानो नावाचा एक गृहस्थ होता, त्याला चढावर दुसरा गिअर पडेना. मास्तर भर जेवणात म्हणाले, "दुसरा पडत नसेल तर माणसानं बसनं जावं." टेबल हसलं, मीही हसले. ज्यानोनं गाडी विकली आणि परत आला नाही.

यंदा मार्चमध्ये मास्तरांचा दुसरा वाजला.

सकाळच्या गारव्यात वाजला असता तर कुणी मान वळवली नसती. तेल थंड असताना या जुन्या गाड्या दुसरा घेतच नाहीत. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जायचं, गाडी तापली की दुसरा आपोआप राजी होतो. पण हा वाजला भर दुपारी, घाटाच्या निम्म्यात. खर्रर्र. मी त्यांच्या लगेच मागे होते. कुणी माझ्या दाढेवर कानस फिरवावी तसं झालं.

वर विल्माच्या खाणावळीत बसल्यावर दुसरा विषयच नव्हता.

"तेल," तुल्लियो म्हणाला. "कुठलं ओतलंत?"

"नेहमीचं," मास्तर म्हणाले.

"नेहमीचं आता ते नेहमीचं राहिलेलं नाही. डबा तोच, आतला माल दुसरा."

"तेल नाही रे बाबा, क्लच!" इवानोनं गरम तिजेल्ला, आमच्याकडची छोटी जाड भाकरी, फोडून तिला लसूण-चरबी फासली आणि त्याच हातानं तुल्लियोला गप्प केलं. "क्लच पुरता सुटत नाहीये. लहान पोरगं सांगेल."

"मग लहान पोरालाच विचार, तू कशाला सांगतोस?"

मास्तर हसले आणि एकदम म्हणाले, "माझ्या चिरंजीवांनी स्वित्झर्लंडचं एक गिऱ्हाईक आणलंय. त्याला ती दिवाणखान्यात ठेवायचीय. खाली गालिचा घालून."

इवानोनं घास खाली ठेवला. "तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, ज्या दिवशी मला चालवता येणार नाही त्या दिवशी ने. तोवर फोन करू नकोस."

झालं. आता तो गिअरबॉक्स फक्त मास्तरांचा राहिला नाही.

इवानोच्या गोदामात वर हॅमच्या तंगड्या टांगलेल्या आणि खाली लाल चौसष्ट, असा आमचा दवाखाना सुरू झाला. आधी तेल बदललं. रविवारी मास्तर निघाले, दुसरा वाजला. मग क्लचची प्लेट बदलली. इवानो तिच्याखाली असा काही झोपला होता की त्याच्या बायकोनं विचारलं, माझ्यासाठी कधी असा आडवा झालास का. रविवारी पुन्हा वाजला. मग तुल्लियो घरी गेला आणि मेणकागदात गुंडाळलेली एक पितळी रिंग घेऊन आला. दुसऱ्या गिअरची, मूळची, कारखान्यातून निघाली तशी. स्वतःच्या गाडीसाठी त्यानं ती तारुण्यापासून जपली होती, आणि तशी जगात आणखी किती असतील देव जाणे. त्यानं ती इवानोच्या तळहातावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

"अरे, तुझी गाडी उद्या अडली तर?" इवानो म्हणाला.

"बसव गपचूप."

मास्तर एका खुर्चीवर डावा पाय लांब करून बसलेले असायचे. येताना लाम्ब्रुस्को वाइनची बाटली आणायचे. बोलायचे नाहीत फारसे. एकदाच म्हणाले, "पोरांनो, पुरे आता. म्हातारी झाली असेल ती." इवानो गाडीखालून ओरडला, "म्हातारे तुम्ही झालात मास्तर, ही नाही!" आणि सगळे हसले. आम्ही इतके शहाणे की हसलो.

एखादा साधा मेकॅनिक असता तर त्यानं पहिल्याच दिवशी काय केलं असतं? गाडीत बसून फेरी मारून आला असता. आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. मास्तर किल्ली पुढे करत नव्हते, आणि न मागण्याचा नियम आमच्या हाडात मुरलेला. आम्ही गिअरबॉक्स उघडला, पण दार उघडून सीटवर बसलो नाही.

जूनमध्ये नवी रिंग घालून आम्ही घाट चढलो. पहिल्या दोन वळणांना चांगला पडला. माझ्या मागून इवानोनं आनंदानं हॉर्न वाजवला. तिसऱ्या वळणाला खर्रर्र.

जेवताना कुणी कुणाकडे बघेना. तुल्लियोनं ताटाला हात लावला नाही. मला त्याची कीव आली. रिंग गेली ती गेली, वर अपयश. तेवढ्यात विल्मा हात पुसत बाहेर आली.

"मास्तर, तुमची ती लालबाई हलवा जरा. गवताचा ट्रॅक्टर आलाय, वाट अडलीय."

मास्तर टेबलावर हात टेकून उठले, आणि पुन्हा बसले. पाणी प्यायले. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी ती पावाच्या टोपलीजवळून माझ्याकडे सरकवली.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही काढा. माझं जेवण व्हायचंय."

त्यांचं ताट रिकामं होतं. इवानोचा काटा हवेत राहिला. मी म्हटलं, "नको मास्तर, मी कशी..." ते म्हणाले, "जा, ट्रॅक्टरवाला थांबलाय." दुसऱ्यांदा नको म्हणायला माझी जीभ उचलली नाही. खरं सांगते, किल्ली उचलून मी जवळजवळ पळतच गाडीपाशी गेले.

आत बसले आणि गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती. मास्तर माझ्याहून वीतभर उंच आहेत. मी मनात म्हटलं, असेल म्हाताऱ्या माणसाची सवय, आणि सीट मागे घेतली.

अंगण अरुंद, वळायला जागा नाही. खाली चर्चच्या फाट्यापर्यंत जाऊन फिरून यावं लागतं. विल्माच्या ओट्याखालचं वळण पहिल्यावरच गेलं, पुढे उतारावर तिसरा टाकला. पुढचं वळण आलं, मी श्वास रोखून दुसरा टाकला.

लोण्यात सुरी जावी तसा पडला.

योगायोग असेल म्हणून पुन्हा तिसरा, पुन्हा दुसरा. हळू टाकला, झटक्यात टाकला, मुद्दाम उशिरा टाकला. एकदाही कुरकुर नाही. रिंग उत्तम होती, प्लेट उत्तम होती, आणि बहुधा मार्चमधलं जुनं तेलसुद्धा उत्तम होतं. चर्चपाशी मी गाडी थांबवली. ती सीट पुढे का ओढली होती ते आता कळलं. मास्तरांचा पाय क्लचच्या तळापर्यंत पोचत नव्हता. पोचला तरी दाबून धरवत नव्हता. खुर्चीवर लांब केलेला डावा पाय, टेबलावर टेकलेले हात, सगळं समोर होतं. गोठ्याच्या दारातून मी सांगते कुठलं डुक्कर कुठल्या पायानं अधू आहे. त्याचेच मला पैसे मिळतात. आणि मार्चपासून मी या माणसासमोर बसून एका गिअरबॉक्सकडे बघत होते. स्वतःच्या कानशिलात मारून घ्यावीशी वाटली.

त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्यानोला बोललेलं वाक्य त्यांच्याच गळ्यात अडकलं होतं. आम्ही गाडीला दोष देत राहिलो आणि त्यांनी देऊ दिला, कारण दोष गाडीत असेपर्यंत ती त्यांची होती.

आता परत चढायचं होतं. शेवटचं वळण बरोब्बर विल्माच्या ओट्याखाली येतं. तिथे दुसरा टाकल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि वर ते सगळे काटे खाली ठेवून कान देऊन बसलेले असणार. आवाज न करता गिअर पडला की संपलं. इवानो बोलघेवडा असेल, मूर्ख नाही. कुणी काही बोललं नसतं. नुसती ती शांतता मास्तरांना पुरली असती, आणि सोमवारी त्यांनी स्वतःच मुलाला फोन केला असता.

मला तुल्लियोची रिंग आठवली. मेणकागद आठवला. "माफ कर ग," असं मी मोठ्यानं म्हटलं, गाडीला की रिंगेला ते माहीत नाही. वळणावर आले, क्लच अर्धाच दाबला आणि दुसरा रेटला.

खर्रर्रर्र.

आयुष्यात मी कधी असा गिअर वाजवला नव्हता, शिकत असतानासुद्धा नाही. तळहातातून कोपरापर्यंत झणझण गेली. वरून इवानोची आरोळी आली, "ऐकलंत? ऐकलंत ना? मी सांगत होतो, बॉक्सच गेलाय!"

मी गाडी लावून ओट्यावर आले. तुल्लियोचा चेहरा पांढरा पडला होता.

"रिंग?" त्यानं विचारलं.

"रिंग चांगली आहे. पण हट्टी बॉक्स आहे बाबा," मी म्हटलं. "मांडी भरून आली माझी. मास्तर इतके दिवस कसा ओढत होते कोण जाणे."

मी किल्ली मास्तरांसमोर ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. हे कान ज्यांनी तयार केले त्यांच्यापासून काय लपणार? अर्धा दाबलेला क्लच त्यांना ओट्यावर बसून दिसला होता.

"इतकं वाईट वाजवायला तुम्हाला कुणी शिकवलं?" ते म्हणाले.

"तुमच्याच मागून येऊन शिकले."

इवानो खो खो हसला. मास्तरांच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी एका बोटानं किल्ली परत माझ्याकडे ढकलली.

"मग खालीही तुम्हीच न्या. हिला आता दांडगा पाय पाहिजे. डुकरांशी झुंजणारा. मी बसतो शेजारी. नीट चालवताय का बघायला नको?" आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "गाडी माझी आहे हां. उगाच कुणी स्वित्झर्लंडला कळवू नका."

माझी पिवळी विल्माच्या अंगणात राहिली. शेजारच्या सीटवर बसताना मास्तरांनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. त्यांनी मला ते दिसू दिलं, एवढंच काय ते आमचं त्यावरचं बोलणं. पहिल्या वळणाआधी मी हळूच विचारलं, "वाजवू का पुन्हा?"

"खबरदार," ते म्हणाले. "तिला दुखतं."

मी दुसरा टाकला. बिनआवाज पडला. आरशात मागची रांग दिसत होती आणि त्या रांगेत एकही कान बहिरा नव्हता. खाली चौकात उतरल्यावर मी गाडीपाशीच थांबले, कोण काय म्हणतं ते ऐकायला. इवानो आला, टायरला उगाच लाथ मारली.

"बघ," तो म्हणाला, "नवी प्लेट मुरायला वेळ घेते. मी म्हटलंच होतं."

"प्लेट नाही, रिंग," तुल्लियो म्हणाला. "रिंग बसायला वेळ घेते."

"काय माहीत असतं रे नोटरीला?"

"सही करून देऊ का?"

दोघं भांडत भांडत कॉफी प्यायला गेले. मास्तर त्यांच्या पाठीकडे बघत होते. डोळे भरले होते त्यांचे, आणि ते पुसायची तसदी त्यांनी घेतली नाही.

पुढच्या रविवारी मी चौकात पोचले तेव्हा लाल चौसष्ट नेहमीसारखी रांगेत पुढे उभी होती; घरापासूनच्या सपाट रस्त्यावर मास्तरांनी ती पहिल्या गिअरवरच आणली असावी. मास्तर काठी टेकत येत होते. काठी मी पहिल्यांदाच पाहत होते. कुणी तिच्याविषयी अवाक्षर काढलं नाही. इवानो हवामानावर बोलत होता. तुल्लियो मास्तरांसाठी गाडीचं दार उघडून उभा होता, कधीपासून कोण जाणे. चालवणाऱ्याच्या बाजूचं नव्हे, शेजारच्या सीटचं. आणि ती सीट त्यानं आधीच पार मागे सरकवून ठेवली होती, पाय लांब करता यावा म्हणून.