लाल रंगाखालची ओल

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे. नाव ऐकलं नसेल तर हरकत नाही, माझं अख्खं आयुष्य चाकाच्या आड गेलं. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की ब्रेकऑइलचा जोर माझ्यापर्यंत येतो आणि मी चाकाची चकती दोन्ही बाजूंनी दाबून धरतो. गाडी थांबते. लोक म्हणतात, ड्रायव्हर चांगला आहे!

एका कारखान्यात मला ओतलं, तासलं आणि एका पांढऱ्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकात बसवलं. गाडी एका शिंप्याची. चौदा वर्षं मी चिखल खाल्ला, तापलो, गंजलो, पण एकदाही दगा दिला नाही. कौतुक मात्र व्हायचं सीटच्या कव्हरांचं, कारण ती त्याने स्वतः शिवली होती.

त्याची मुलगी शाळेत खेळाची शिक्षिका झाली. शाळा लांब, म्हणून बापाने गाडी तिला द्यायचं ठरवलं. "जुनी गाडी देतोय, पण जुनी दिसता कामा नये," तो बायकोला म्हणाला. गाडीला पॉलिश झालं. मग चाकं काढून, लाल रंगाचा डबा घेऊन स्वारी माझ्यासमोर बसली.

तेव्हा माझ्या आतलं रबर झिजलं होतं. तिथून ब्रेकऑइल पाझरून ओलसर डाग पडला होता. आम्हाला तोंड नसतं, मित्रांनो. ती ओल हेच आमचं बोलणं. पण शिंप्याचा हात तो! डाग दिसला की काढायचा, ही जन्माची सवय. त्याने फडक्याने मला लख्ख पुसलं आणि वर झकास रंग दिला.

"अहो बाबा, ही आपलीच गाडी ना?" मुलगी ओरडलीच. शेजारीपाजारी वाकून वाकून मला बघू लागले. खोटं कशाला बोलू? मीही हुरळून गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी माझ्याकडे पाहिलं होतं.

आठवड्याभरात ऑइलने रंग एका जागी फुगवला. "रंगच हलका निघाला मेला," असं म्हणत बापाने तो फुगा खरवडला आणि वर आणखी एक हात मारला. मी दुसऱ्यांदा सांगून पाहिलं होतं.

मग एका सकाळी उतारावरचं ते वळण आलं. मुलगी एकटीच होती. तिने ब्रेक दाबला, तर पाय थेट खालपर्यंत गेला. मी चकती धरायला गेलो, पण अंगात जोरच उरला नव्हता. गाडी भिंतीवर आदळली. जीव वाचला, पण उजवा गुडघा कायमचा गेला. पोरांना पळायला शिकवणारी ती बाई आता शाळेच्या ऑफिसात बसून हजेरीपत्रकं तपासते.

दोन महिन्यांनी ती काठी टेकत गॅरेजात आली. मेकॅनिकने मला काढून, रंग खरवडून ठेवलं होतं. "ताई, ऑइल आधीपासून गळत होतं. त्याच्यावरच रंग मारलाय."

तिने काठी टेबलाला टेकवली. मग म्हणाली, "दादा, बाबा विचारायला येतील. अचानक पाइप फुटला म्हणून सांगा. माझ्यासाठी एवढं कराच."

दुसऱ्या दिवशी बाप आला. "पाइप फुटला, काका. कुणाच्या हातात नव्हतं," मेकॅनिकने सांगितलं. बापाने टेबलावरून मला उचललं. खरवडलेल्या रंगाखालची ओल त्याच्या बोटांना लागली. त्याने बोटं नाकाशी नेली. वास ऑइलचाच होता.

"तिनंच सांगायला लावलं ना तुला?"

मेकॅनिकने मान खाली घातली.

"बरं. मग तिला सांग, बाबांना पटलं म्हणून."

मित्रांनो, आता मी भंगारात पडून आहे. वस्तूंना सजवा, जरूर सजवा, आम्हालाही ते आवडतं. पण डाग दिसला तर पुसायच्या आधी तो कशाचा आहे, एवढं बघा. त्या घरात आता बापलेक एकमेकांशी खोटं बोलतात, आणि फार मायेने बोलतात.