तळ्यातले पन्नास मीटर

मित्रांनो, मी एक जुना सुती दोर आहे. सहा वर्षे मी अनंत गुरुजींच्या पुस्तकांच्या कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात पडून होतो. माझ्यावर एक निळे आंतर्देशीय पत्र ठेवलेले होते. ते मोनालीचे होते, आणि गुरुजींनी त्याला उत्तर दिले नव्हते.

माझा जन्म मुकुटबनकडच्या एका खेड्यातला. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. घरोघरी तो ओसरीत भरून पडला होता. गावातल्याच तानाबाईंनी, दोर वळण्यात तरबेज होत्या त्या, त्यातल्या थोड्या कापसाचे सूत काढले आणि मला वळले. गुरुजींना तळ्यात पोहण्याच्या शर्यतीसाठी पन्नास मीटरचा दोर हवा होता. तानाबाईंनी शाळेची लांब मोजफीत मागून नेली आणि माझ्या दोन्ही टोकांशी लाल चिंध्या बांधून मला शाळेत पोचवले.

गुरुजी मराठीचे शिक्षक. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हते. एका हातात पोहण्याचे पुस्तक धरून ते काठावर उभे राहायचे आणि दुसऱ्या हाताने हवेत पाणी कापून दाखवायचे. मुले हसायची. मोनाली मात्र तो हात नीट बघायची. ती जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काम करणाऱ्या भीमराजची मुलगी.

शर्यतीच्या दिवशी दोन बांबूंना बांधलेला मी सकाळपासून पाण्यात होतो. मोनाली माझ्या कडेकडेने अशी गेली की घड्याळ धरणारे साहेब दोनदा घड्याळाकडे बघत राहिले. जिल्ह्याचा विक्रम मोडला होता. ती मला धरून धापा टाकत उभी राहिली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस.

पुढे ती अमरावतीला शिकायला गेली. तिथून ते पत्र आले. ‘गुरुजी, इथल्या मुली म्हणतात, सुती दोर भिजला की आखडतो, तुझे तळे पन्नास मीटरचे नव्हतेच. माप बरोबर होते ना? फक्त हो किंवा नाही लिहा.’

गुरुजींनी ते पत्र कितीतरी वेळा वाचले. मी भिजलो होतो हे त्यांना आठवत होते. मोजून पाहावे आणि उत्तर ‘नाही’ निघाले तर? त्या भीतीने त्यांनी मला कपाटात ठेवले. मला उत्तर ठाऊक होते, मित्रांनो, पण दोराला बोलता येत नाही.

मोनालीने मोठ्या तलावांत, पक्क्या मापाच्या पाण्यात, राज्याचे विक्रम मोडले. मग ती देशात पहिली आली. प्रत्येक कात्रण गुरुजी त्या पत्रावर ठेवायचे. उंदरांनी मला दोन ठिकाणी कुरतडले, तेही त्यांना कळले नाही. मग एक मुलाखत छापून आली. त्यात ती म्हणाली होती, ‘पहिला विक्रम मी मोजत नाही. तो खरा नव्हता.’ त्या दिवशी गुरुजी जेवले नाहीत. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ तिने ‘नाही’ असा घेतला होता.

चार दिवसांनी तानाबाई मेथीची जुडी द्यायला आल्या. कपाट उघडेच होते.

“गुरुजी, हा दोर तं माह्या हातचा हाय. याले काहून कोंडून ठेवलं?”

गुरुजी चाचरत म्हणाले, “तानाबाई, सुती दोर भिजला की आखडतो ना?”

“आखडते नाही तं काय. नवा असन तं चांगला दोन हात आखडते.”

गुरुजी खुर्चीत बसले. मग त्यांनी तानाबाईंना पत्राचे सगळे सांगितले.

“अन् हे तुम्ही सहा वर्सं मनात ठेवलं?” तानाबाई म्हणाल्या. “अहो, पान्यातल्या दोराले ओलाच मोजा लागते. मी याले दोन दिवस हौदात भिजवलं, मंग चिंध्या बांधल्या.”

“मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही इचारलं कधी? तुम्ही तं पुस्तकाले इचारता.”

दोघांनी मला हौदात टाकले. इतक्या वर्षांनी पाणी लागले आणि माझा पीळन् पीळ सुखावला. मग रस्त्यावर पसरून त्यांनी मला मोजले. पन्नास मीटर, आणि वर चार बोटे. गुरुजींनी पुन्हा मोजले. मग आणखी एकदा.

“आता चौथ्यांदा मोजसान तं मी चालली घरी,” तानाबाई म्हणाल्या. गुरुजी हसले. त्यांना असे हसताना मी प्रथमच ऐकले.

मित्रांनो, आम्हा दोरांना पाण्याने किंवा ओढाताणीने फारसे काही होत नाही. अंधारात कोंडून ठेवले की मात्र आम्ही कुजतो. जुनी वस्तू हाताळत जा, वाळवत जा. आणि तिच्याविषयी शंका आली तर ती घडवणाऱ्या माणसाला विचारा. तो बहुधा जवळच राहत असतो.

गुरुजींनी दुपारभर कागद फाडले. माफीची लांब वाक्ये त्यांना पटेनात. शेवटी त्यांनी लिहिले, ‘मोनाली, हो. माप बरोबर होते, चार बोटे जास्तच. उशीर माझा झाला. तुझा पहिला विक्रम मोजायला लाग.’

मग मला ओलाच खांद्यावर घेऊन ते शाळेकडे निघाले. तळ्यात नवी मुले पोहायला येतात, त्यांना दोर हवा होता. टपालपेटीपाशी ते थांबले, पत्ता दोनदा वाचला आणि पत्र आत टाकले.