नऊपैकी सात

बाराव्या महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी आईने बांबूच्या करंडीचं झाकण उचललं. आत नऊ वाट्या होत्या. नऊही वाट्यांतली फातपानं गुलाबी, गोल आणि गुळगुळीत. एकालाही भेग नव्हती.

"दिसायला छान आहेत हो," शेजारची छायशिया काकू दारातूनच म्हणाली. "उकडून सोललेल्या अंड्यांसारखी!"

तांदूळ वाटून, आंबवून, साखर घालून केलेली ही फातपानं आमच्या दक्षिण चीनमधल्या मेइझोउकडे नव्या वर्षाला पूर्वजांच्या दालनात ठेवतात. वाफेत ती वरून फाटून फुलासारखी उमलायला हवीत. न उमललेलं तिथे नेत नाहीत. यंदा ती रुईफेनवहिनीने करायची होती आणि तिच्या दुकानाचं भवितव्य त्यावरच ठरणार होतं.

दादाचा शेनझेनमधला कारखाना बंद पडला, तेव्हा ती दोघं कायमची गावी आली. वहिनी उत्तरेकडची, शान्शीतल्या गव्हाच्या मुलखातली. तिच्या माहेरी सणाला कणकेचे वाघ, मासे, डाळिंबं घडवून वाफवतात. रस्त्याकडची समोरची खोली मिळाली तर वाफवलेल्या पावांचं दुकान काढायचं, असं तिच्या मनात होतं. आई म्हणाली होती, "भात खाणाऱ्या गावात तुझी कणीक कोण घेणार? आधी फातपान उमलवून दाखव, मग खोलीचं बघू."

काकू गेली. तिला पोचवायला म्हणून आईही अंगणात गेली. पातेल्यात आणखी नऊ वाट्यांपुरतंच पीठ उरलं होतं.

"वहिनी, वाट्या किती भरल्या होत्यास?" मी विचारलं. भौतिकशास्त्र शिकल्यापासून कुठलीही गोष्ट बिघडली की मी आधी आकडे विचारते.

"पाऊण. फुगायला जागा नको का?"

"आणि जाळ?"

"मंद." ती थांबली. "वेनयिंग, मला माहीत होतं गं फाटायला हवं ते. पण पावाला तडा गेला की माझी आई तो सरळ डुकरांना घालायची. बोटांना तीच सवय लागलीये. ती माझं ऐकेनातच."

मी चुलीसमोर उकिडवी बसून विचार केला. मंद वाफेत सगळं पीठ एकसारखं, सावकाश फुगत असणार, म्हणून वरचा भाग ताणला जातो, फाटत नाही. वरची साय आधी घट्ट व्हायला हवी, म्हणजे आतलं पीठ तिला फोडून बाहेर येईल.

"वाट्या काठोकाठ भर," मी म्हटलं. "पाणी खळखळून उकळू दे, मगच करंडी ठेव. आणि जाळ शेवटपर्यंत मोठा."

"उतू जाईल की!"

"जाऊ दे."

"तू कधी केलीस का गं फातपानं?"

"एकदाही नाही."

ती हसली, पण तिने वाट्या भरल्या. अगदी काठापर्यंत.

आई परत आली. तिने उदबत्ती लावून चुलीच्या कट्ट्यावर खोचली. ती विझेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात कोणी अवाक्षर बोलत नाही. बोललं की फातपान रुसतं, असं आई मानते. झाकणाला तर हातही लावायचा नाही.

करंडी चढली. आम्ही तिघी गप्प.

उदबत्ती एक तृतीयांश जळाली असेल, तोच करंडीच्या कडेतून गुलाबी ओघळ खाली आला. विस्तवावर पडून चर्र झालं. वहिनी दचकली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी 'नको' अशी मान हलवली, पण तोवर तिचा हात चुलीतल्या जळत्या लाकडाकडे गेला होता. ती ते ओढून जाळ कमी करणार, हे मला दिसत होतं. तोंड उघडावं की नाही, याच्यातच माझा वेळ गेला.

"ओढू नकोस! राहू दे ते!"

आई ओरडली होती. उदबत्ती जळत असताना, जन्मात पहिल्यांदा. तिने झटकन तोंडावर हात ठेवला आणि उदबत्तीकडे बघत राहिली. वहिनीने हात मागे घेतला. मग तिनेच आणखी एक लाकूड आत सारलं.

उरलेला वेळ फार लांबला. आई हातातलं फडकं पिळत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही उमलावीत, असं तिलाही वाटतंय.

उदबत्ती विझली. आईने झाकण उचललं. वाफ बाजूला झाली तशा पाकळ्या दिसल्या. चार पाकळ्यांची, तीन पाकळ्यांची, एक तर टोपी कलंडल्यासारखं एकाच बाजूला फाटलेलं. मी मोजली. सात उमलली होती, दोन बंद.

"आई, तू बोललीस तरी उमलली," मी म्हटलं. "म्हणजे न बोलण्याचा नियम—"

"गप्प बस. कुठे बोलू नकोस. काकूपुढे तर मुळीच नाही."

वहिनी दोन बंद वाट्यांकडे बघत होती. "आई, सातच झाली."

"नऊ न्यायला सांगितलंय कोणी?" आईने बंद असलेलं एक फातपान वाटीतून काढलं, अर्धं मोडून तिला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. "चवीला तीच आहेत. माझ्या पहिल्या वर्षी तीन उमलली होती. सासूबाई आठवडाभर बोलल्या नव्हत्या माझ्याशी."

मग तिने फडक्याला हात पुसले.

"समोरच्या खोलीत रताळ्यांची पोती आहेत. तुझ्या नवऱ्याला सांग, जेवायच्या आधी मागच्या पडवीत नेऊन टाक म्हणावं. सणानंतर तिथली भिंत रंगवून घेऊ." जाता जाता ती दारात थांबली. "आणि तो कणकेचा वाघ करतेस म्हणे. त्याला डोळे कसले लावतेस?"

"काळ्या घेवड्याचे," वहिनी म्हणाली.

"दे एक करून. बघू तरी."