शालनच्या बाजूने लिहिलेला कागद

आवडाबाई आमच्या वर्तकनगरच्या कॉलनीत दर मंगळवारी आणि शुक्रवारी मासे घेऊन यायची. चेंदणीच्या कोळीवाड्यातली बाई, आवाज खणखणीत, भावात कधी एका पैशाने खाली यायची नाही, पण मासा शिळा असला तर स्वतःच सांगायची, "सुमेधाबाई, आज नका घेऊ." सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिचा गुडघा सुजला आणि तिच्याऐवजी तिची सून यायला लागली. शालन तिचं नाव. ती नुसती सून नव्हती, आवडाबाईच्या सख्ख्या भावाची, कल्याणच्या दामाजीची मुलगी होती. आत्याच्या मुलाला दिलेली. सासूला ती 'आते'च म्हणायची.

शालनच्या डोक्यावर पाटी आणि कडेवर मूल. मोरू. अडीच वर्षांचा झाला होता, पण बसवला तर कलंडायचा. एक शब्द बोलत नव्हता. सारखी मान हलवत राहायचा. आणि शालन इतकी काळीसावळी असताना या पोराचे केस जुन्या सुतळीसारखे भुरे, डोळे घारे, कातडी पांढुरकी.

एका शुक्रवारी शालन पापलेट साफ करत होती म्हणून मी मोरूला उचललं. त्याच्या दुपट्याला माशाचा वास असणारच होता. पण त्याखाली आणखी एक वास होता. कुबट, उंदराच्या बिळासारखा. मी तिथेच उभी राहिले. ठाण्याच्या एका कॉलेजात मी अकरा वर्षं जीवरसायन शिकवत होते. भुरे केस, मंद वाढ, अंगाला उंदरांचा वास ही तिन्ही लक्षणं मी दरवर्षी फळ्यावर एकाखाली एक लिहीत आले होते. ती लक्षणं असलेलं मूल मात्र कधी पाहिलं नव्हतं.

"शालन, याची लघवी एका बाटलीत आणून देशील? उद्या सकाळची."

ती हातातला कोयता ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "कशाला, बाई?"

"तपासते. औषधाची बाटली असेल ना घरात, ती उकळून घे."

मग तिने खाली बघत सांगितलं. मोरू जन्मला तेव्हापासून कोळीवाड्यात कुजबुज होती. लग्नानंतर ती मासे घेऊन खोपटच्या एस. टी. डेपोवरून भिवंडीला जायची. तिथे एक घाऱ्या डोळ्यांचा कंडक्टर होता. झालं. आते पोराला त्याच्या नावाने हाक मारत नव्हती, 'कंडक्टर' म्हणायची. देवाच्या पालखीला शालनला हात लावू देत नव्हते. जेवायला ती सगळ्यांच्या नंतर, एकटी.

"आणि नवरा?"

"तो माजा हाय," ती म्हणाली. "त्यानं भर वाड्यात सांगितलंन, पोर माजंच हाय, परत कोन बोललं तं वल्हं घालीन डोक्यात."

दुसऱ्या दिवशी तिने बाटली आणून दिली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी नळीत थोडी लघवी घेतली आणि वरून फेरिक क्लोराइडचे पिवळट थेंब सोडले. रंग हिरवा झाला. गडद, पालकाच्या रसासारखा.

त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. मी व्हरांड्यात जाऊन शेवटच्या वर्षाची सोळा मुलं बोलावून आणली, पुन्हा नवी नळी घेतली, पुन्हा थेंब सोडले. "बघा," मी म्हणाले, "एक एन्झाइम नसलं की काय होतं ते बघा." एका मुलाने टाळ्या वाजवल्या. मी हसले. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात माझा वर्गमित्र होता, त्याच्याकडून मोरूचं रक्तही तपासून घेतलं. शंका उरली नाही.

एका रविवारी सकाळी मी कोळीवाड्यात गेले. माझ्या मनात एकच होतं, त्या पोरीवरचा कलंक पुसायचा. ओटीवर आवडाबाई पाय पसरून बसली होती. महिपत, तिचा मुलगा, जाळं बाजूला सारून खाली बसला. शालन मोरूला मांडीवर घेऊन भिंतीशी. आवडाबाईची धाकटी मुलगी शेवंती, सतरा-अठरा वर्षांची, दारात उभी होती.

मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. आपण मासे, डाळ, दूध खातो, त्यातल्या प्रथिनांचे पोटात बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचं पुढे काय करायचं, यासाठी शरीरात वेगवेगळे कामकरी असतात. एकाला एकच काम येतं. मोरूच्या अंगात त्यांतला एक कामकरी नाही. त्यामुळे एक तुकडा तसाच साचत राहतो आणि मेंदूला विषासारखा बाधतो. त्याच तुकड्यापासून पुढे केसांचा आणि डोळ्यांचा काळा रंग तयार होतो. तो झाला नाही, म्हणून हा भुरा. कंडक्टरचा काही संबंध नाही.

महिपतने शालनकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर 'मी म्हणत नव्हतो?' असं होतं. शालन हसली. तिचं हसू मी पहिल्यांदा पाहिलं.

"म्हंजे मासे बादले याला?" तिने विचारलं.

"हो. मासे, डाळ, अंडी, दूध. ते आता अगदी कमी करायचं. परदेशात अशा मुलांसाठी वेगळी पावडर असते, मी पत्र लिहिते."

"मंग तो बोलंल?"

"नाही शालन. जन्मल्यावर महिन्याभरात कळलं असतं तर शाळेतही गेला असता. आता जे झालं ते भरून येणार नाही."

तिने मोरूला मांडीवर नीट सरकवलं. मग म्हणाली, "मी पाटीतला चांगला मासा त्याच्यासाठी राखून ठेवायची, बाई. काटे काढून. ताकद यावी म्हनून. म्हंजे मीच केला त्याला असा?"

तुला माहीत नव्हतं, असं मी म्हणाले. 'नाही' असं मात्र म्हणाले नाही.

आवडाबाई इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "कामकरी का नाय त्याच्या अंगात? आमच्या तं सगल्यांच्या हाय."

प्रश्न इतका नेमका होता की मला शिक्षिकेसारखा हुरूप आला. मी सांगितलं, तो कामकरी घडवायची कृती प्रत्येकाच्या अंगात दोनदा लिहिलेली असते. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक चुकली तरी दुसरीवर भागतं, माणसाला कळतही नाही. दोन्ही चुकीच्या आल्या तरच असं होतं. तुमच्या आईच्या किंवा वडिलांच्या अंगात एक चुकीची कृती असणार. ती तुमच्याकडे आली आणि तुमच्या भावाकडे, दामाजींकडेही. तुमच्याकडून महिपतकडे, त्यांच्याकडून शालनकडे. दोघं एका घरातले, म्हणून मोरूच्या वाट्याला दोन्ही चुकीच्या आल्या.

"म्हंजे माज्या रक्तात हाय."

"तुमच्या एकटीच्या नाही."

"पुढचं पोर?"

"प्रत्येक खेपेला चारात एक धोका."

आवडाबाईने गुडघ्यावरून हात फिरवला. मग अगदी सहज, भाव विचारावा तसं विचारलं, "आनि बायको भायेरची असती तं?"

"बाहेरची असती तर बहुतेक काही झालं नसतं," मी म्हणाले.

मला त्या प्रश्नात काही दिसलं नाही. निघताना आवडाबाई म्हणाली, "बाई, हे तुमी लिवून द्या. वाड्यात वाचून दाखवाया." मला वाटलं, म्हातारी वरमली. मी सोमवारी कॉलेजच्या छापील कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं की हे मूल महिपत आणि शालन यांचंच आहे, दोष आवडाबाई आणि दामाजी यांच्या घराण्यातून दोन्ही बाजूंनी आला आहे, या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला चारात एक धोका राहील. मूल महिपतचंच, याबद्दल काटेकोरपणे 'जवळजवळ नक्की' असं लिहायला हवं होतं. शालनसाठी मी 'जवळजवळ' गाळलं. सही केली, शिक्का मारला.

दोन महिन्यांनी शालन कॉलेजच्या फाटकाशी आली. पाटी नव्हती. मोरू कडेवर होता.

"काडीमोड जाला माजा," ती म्हणाली.

जातीची माणसं बसली होती. आवडाबाईने कागद एका मास्तरांकडून मोठ्याने वाचून घेतला. कंडक्टरचा विषय मिटला, त्याबद्दल दोघातिघांनी शालनची माफीही मागितली. मग आवडाबाईने विचारलं, हिच्या पोटी पुढचं पोरही असंच निघालं तर माझ्या मुलाचा वंश कोणी चालवायचा? शिकलेल्या बाईने सही करून दिलंय, आणि ओटीवर तोंडाने सांगितलंय, बाहेरची बायको केली तर काही होत नाही.

"महिपत काय म्हणाला?"

"कायच नाय. खाली बघत व्हता."

फाटकातून मुलं बाहेर पडत होती. त्यांच्यातलं कुणीतरी मोरूचे भुरे केस बघून, हाच तो, हे ओळखून थांबलं, मी त्याला हाताने जायला सांगितलं.

"बाई, मना छिनाल बोलत व्हते तवा माजा नवरा माजा व्हता," शालन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती मला काहीतरी समजावून सांगत होती. "पोर माजं म्हनून तो सगल्या वाड्याशी भांडला. तुमी मना चांगली ठरवलीत आनि तो गेला."

मी कोळीवाड्यात धावत गेले. आवडाबाईने मला पाटावर बसवलं, चहा दिला. "मी काय खोटं बोलले का, बाई? माजी भाची हाय ती. मना दुखत नाय?" तिचे डोळे खरंच भरले होते. "पन डोळ्यानं बघून इख खायाचं का?" त्याच वर्षी महिपतचं दुसरं लग्न झालं. मुलगी उरणकडची. दोन मुलं झाली, दोन्ही काळीभोर, धडधाकट. पुढेही आवडाबाई मंगळवारी-शुक्रवारी यायची. मी तिच्याकडून मासे घेत राहिले. का, ते मला सांगता येत नाही. पत्रांना उत्तर म्हणून परदेशातून पावडरीचा एकच डबा आला. तो मी कल्याणला शालनच्या माहेरी पोचवला, तो महिन्याभरात संपला.

एक्क्याण्णवमध्ये शेवंती माझ्या घरी आली. एकवीस-बावीस वर्षांची, अंगाने वाळलेली. चौथं स्थळ मोडलं होतं. प्रत्येक वेळी एकच घडत होतं. बोलणी ठरली की शालन मुलाकडच्यांच्या दारात उभी राहायची, मोरूला घेऊन. त्याला त्यांच्या ओटीवर बसवायची. मग माझ्या कागदाची, बैठकीतल्या मास्तरांकडून मिळवलेली झेरॉक्स काढून पुढे ठेवायची आणि बोटाने दाखवायची की दोष आवडाबाईच्या घराण्यातला आहे, खाली बाईंची सही आहे. एवढंच करून निघून जायची.

"लानपनी आमी एका ताटात जेवलेलो," शेवंती म्हणाली. "मी तिला एक शब्द बोलले नव्हते कधी. बाई, माज्यात नाय म्हनून लिवून द्या ना."

मला तसं लिहिता येत नव्हतं. तिच्यात तो दोष असण्याची शक्यता निम्मी होती आणि ते ठरवणारी तपासणी माझ्या हाताशी नव्हती. मी दुसरा कागद लिहिला, की असला तरी परक्या घरात लग्न केल्यास मुलांना धोका जवळजवळ नाही. या वेळी 'जवळजवळ' गाळलं नाही. शेवंतीने तो दोन ठिकाणी दाखवला. लोक म्हणाले, म्हणजे थोडा आहे.

मग मी कल्याणला गेले. खाडीकाठी दामाजीचं घर होतं. दामाजी वारला होता, भावजयीने शालनला मागची पडवी दिली होती. मोरू सहा वर्षांचा झाला होता. कमरेला फडकं बांधून त्याला खांबाशी अडकवला होता, नाहीतर तो स्वतःचं डोकं जमिनीवर आपटायचा. त्याला फिट येत असत. शालनने मला खाट दिली आणि स्वतः खाली बसली.

"शेवंतीने तुझं काय वाकडं केलं?" मी विचारलं.

"कायच नाय."

"मग?"

"कागदात काय खोटं लिवलंय का, बाई?"

"खोटं नाही. पण तू ते वापरतेस कशासाठी? ज्यांनी तुला घालवलं ते मजेत आहेत. भोगतेय ती पोरगी."

"आतेला बोलून काय व्हायाचं? तिची कातडी जाड. महिपतला पोरं जाली." शालन मोरूची लाळ पदराने पुसत होती. "शेवंती तेवडीच हाय त्या घरात, जिला मारलं की आतेला लागतं."

"ती रडली माझ्यापाशी."

"मना म्हायती हाय. मुलाकडच्यांकडून येते ना मी, तवा घरी येऊन मी पन जेवत नाय. माजी सगल्यात जवलची व्हती ती." तिने मान वर केली. "पन थांबनार नाय. तुमी मना सांगू नका थांब म्हनून. तुमी नका सांगू."

मी तिला सांगितलं नाही. मला तो अधिकार उरलेला नव्हता, आणि ती करत होती ते करायचा अधिकार तिला कधी होता का, हेही मला ठरवता आलं नाही.

मोरू दोन वर्षांनी गेला, फिट आली आणि शुद्धीवर आलाच नाही. त्यानंतर शालन कुणाच्या दारात गेली नाही. पण तोवर गोष्ट सगळ्या बंदरांवर पसरली होती, तिने जायची गरज राहिली नव्हती. शेवंतीचं लग्न शेवटी डोंबिवलीच्या एका बिजवराशी झालं. त्याला पहिल्या बायकोची तीन मुलं होती, आणखी नको होती. तशी अट त्याने लग्नाआधीच घातली होती.

त्या लग्नाला मी गेले. मांडवात आवडाबाई भेटली, खूप थकलेली. तिने माझ्या हातात पानसुपारी ठेवली आणि हळूच विचारलं, "बाई, शेवंतीला एखादं पोर व्हऊ दिलं असतं त्यानं, तं चांगलं निघालं असतं ना?"

"हो," मी म्हणाले. "अगदी चांगलं निघालं असतं."