माझ्यावर चिडून ताप उतरत नाही

मी थर्मामीटर बोलतोय, सेलवर चालणारा, पीप पीप वाजणारा. गोड बोलणं माझ्याकडून नको. तुम्ही तरी माझ्याशी कधी गोड बोललात? तोंडात घालता, काखेत दाबता, आकडा आवडला नाही की शिव्या घालता. हसत हसत मला हातात घेतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका बाईनं मला कोमट पाण्यात बुडवलं, आकडा बरोबर आलेला बघितला आणि डबीत टाकलं. आयुष्यात माझ्यावर विश्वास ठेवणारी तेवढी एकच. मग औषधाच्या दुकानातून मी एका घरात आलो आणि ड्रॉवरमध्ये पडलो. शेजारी गंजलेल्या किल्ल्या, वितळलेली रबरं आणि मेलेले सेल.

घर दोन भावांचं. थोरला कामासाठी महिनोन्‌महिने परगावी, धाकटा लिफ्ट दुरुस्त करणारा. घर चालवायच्या त्यांच्या बायका, आणि या दोघी जावांचं विळ्याभोपळ्याचं नातं. म्हणे कपडे वाळत घालायच्या दोरीवरून सुरू झालं. एकमेकींशी बोलायचं नाही, पण आपटलेल्या भांड्यांतून सगळं ऐकवायचं. थोरलीला शाळेत जाणारी मुलगी, धाकटीला दहा महिन्यांचा मुलगा. गुबगुबीत म्हणून त्याला सगळे ढब्बू म्हणत.

एका सकाळी ढब्बू तव्यासारखा तापला. दूध ओढेना, मांडीवरून उतरेना.

"दात येत असतील," धाकटा म्हणाला.

"दातांनी एवढा ताप येतो होय?" म्हणत धाकटीनं ड्रॉवर उपसला आणि मला ढब्बूच्या काखेत धरलं. मी वाजलो. एकशे चार.

"बिघडलाय हा!" धाकट्यानं मला झटकलं, डबीवर आपटलं, स्वतःच्या काखेत घातलं. तिथं मी त्याचा नेहमीचा आकडा दाखवला, तरी बिघडलेला मीच. हा माणूस दिवसभर लिफ्टच्या मीटरवर डोळे मिटून विश्वास ठेवतो बरं का!

मग दोघांनी खिडक्या लावल्या. पोराला स्वेटर, टोपी, मोजे आणि वर जाड ब्लँकेट. म्हणे घाम आला की ताप उतरतो. ढब्बू लालबुंद झाला. मी परत वाजलो, आकडा आणखी वर.

तेवढ्यात थोरली दार ढकलून आत आली आणि तिनं खिडकी सताड उघडली.

"भाजायचंय का पोराला? काढा ते सगळं. एक पातळ झबलं ठेवा अंगावर."

"तुम्हाला कुणी विचारलं, ताई?"

"कुणी नाही. म्हणून तर सांगतेय."

धाकटी धुसफुसली, पण ब्लँकेट काढलं.

दुपारी मला पर्समध्ये कोंबून सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी कान, घसा, छाती तपासली. लघवी किती वेळा झाली, दूध किती घेतो, ते विचारलं. म्हणाल्या, "व्हायरल दिसतोय. तापाचं औषध वजनाप्रमाणे लिहून देते, तेवढंच द्या. दूध थोडं थोडं, पण सारखं पाजा. गार पाण्यात बुडवू नका."

"एकच औषध? अँटिबायोटिक द्या की!" धाकटा उसळला.

"व्हायरसवर ते चालत नाही. मी देणार नाही."

"मग फी कसली घेता?"

"नको ते औषध न देण्याची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला त्या तिथंच आवडल्या. "आता नीट ऐका. पोर मलूल पडलं, श्वास भरभर चालला, लघवी कमी झाली, झटका आला किंवा तापाबरोबर दाबूनही न मावळणारे डाग उठले, तर थांबायचं नाही. तडक आणायचं."

दुसऱ्या दिवशी ताप पुन्हा सरसर चढला. धाकटी मला ढब्बूच्या काखेतून काढत होती तेवढ्यात त्याचे डोळे फिरले, अंग ताठ झालं आणि हातपाय झटके देऊ लागले. ती किंचाळली. मी फरशीवर पडलो, माझ्या आकड्यांवरच्या काचेला तडा गेला. धाकटा स्वयंपाकघरातून चमचा घेऊन धावला. "दातखीळ बसेल! तोंड उघड!"

थोरलीनं त्याच्या हातावर असा फटका मारला, की चमचा पलंगाखाली गेला.

"तोंडात काही घालायचं नाही! लांब व्हा भाऊजी!"

तिनं ढब्बूला सतरंजीवर कुशीवर निजवलं, गळ्याचं बटण सोडलं. त्याला दाबून धरलं नाही, पाणी शिंपडलं नाही. नुसती घड्याळाकडे बघत राहिली. "पाच मिनिटांवर जाता कामा नये. गाडी बोलवा तोवर."

गाडी यायच्या आतच झटके थांबले. ढब्बू मोठ्यांदा रडला. ते रडणं ऐकून धाकटी भिंतीला टेकून खाली बसली.

"तुम्हाला कसं माहीत?" तिनं विचारलं.

"माझ्या पोरीला आले होते झटके. सासूबाईंनी चमचा घातला. दुधाचा दात तुटून घशात अडकला होता तिच्या." थोरली ढब्बूचं तोंड पुसत होती. "या घरात कुणाला आठवतही नाही ते."

मोठ्या दवाखान्यात तपासून डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना तापात असा झटका येऊ शकतो, बहुतेकांना त्यानं इजा होत नाही. दिवसभर ठेवून घेऊन घरी सोडलं.

पुढं ताप एकदम उतरला. मी नॉर्मल आकडा दाखवला, तर धाकट्यानं मला पुन्हा झटकलं. चांगलं सांगितलं तरी मी खोटाच! पण झबलं बदलताना धाकटी ओरडली. ढब्बूच्या छातीवर, पाठीवर बारीक गुलाबी पुरळ उठलं होतं.

"गोवर! तुमच्या पोरीनंच शाळेतून आणला, ताई!"

थोरलीनं स्वयंपाकघरातून काचेचा पेला आणला आणि पुरळावर दाबला. काचेखालचे ठिपके मावळले. पेला उचलला तसे परत दिसले.

"मावळतायत. बाई म्हणाल्या होत्या ते डाग हे नव्हेत. तरी दाखवून येऊ. भांडण आल्यावर करू, माझंही राहिलंय."

दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "पेशंटबरोबर आत कोण कोण येणार?"

"मी, आणि याची मोठी आई," धाकटी म्हणाली.

थोरली दुसरीकडे बघत पुटपुटली, "मोठी आई म्हणे. चपला बघ आधी, उलट्या घातल्यात."

डॉक्टरीणबाईंनी डोळे, तोंड, पुरळ तपासलं. "गोवर नाही. त्यात खोकला असतो, डोळे लाल होतात आणि पुरळ भर तापात उठतं. इथं ताप गेल्यावर उठलंय. काही बाळांचा व्हायरल असा जाता जाता पुरळ देऊन जातो. मलम नको, काही नको. आपोआप जाईल." तसंच झालं. ढब्बू आता भिंत धरून चालतो आणि हाताला लागेल ते फेकतो. मलाही फेकून झालंय.

तुम्हाला वाटेल, जावा गळ्यात गळे घालून रडल्या असतील. छे! काल भात करपला त्यावरून दोघींचं वाजलं. पण आता एकमेकींशी थेट भांडतात, भांडी वाचली.

माझ्या काचेचा तडा तसाच आहे, पण आकडे दिसतात. आत्ता मी थोरलीच्या काखेत आहे, तिला सकाळपासून हुडहुडी भरलीय. धाकटी कमरेवर हात ठेवून समोर उभी आहे.

"तोंड बंद ठेवा, ताई. हलतो तो."

"मला शिकवू नकोस."

माझं मागणं एवढंच आहे. पटो न पटो, आकडा ऐकून घ्या, आणि मग माझ्याकडे बघत बसू नका, आजाऱ्याकडे बघा. आता दोघीही गप्प बसा. मला मोजू द्या.