श्रीपादरावांचे कान

श्रीपादरावांच्या मते रॉक संगीत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच वारलं होतं, आणि त्याचा जीव घेतला तो नव्या ध्वनिमुद्रणानं. विमा कंपनीच्या नोकरीत त्यांच्या नऊ बदल्या झाल्या, निवृत्तीनंतर ते जयपूरला दुर्गापुऱ्यात स्थायिक झाले, पण हे मत जागचं हललं नाही. नवा अल्बम आला की ते तो शेवटपर्यंत ऐकत आणि मग रॉकवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हातभर मजकूर लिहीत. 'झांजा कानात टोचतात, बास नुसता घुमतो, मधल्यामधे गायक गुदमरतो. आमच्या कॅसेटी ऐका म्हणावं!' ग्रुपवर त्यांच्या शब्दाला मान होता, त्यामुळे त्यांना आणखीच चेव येई.

त्याच चेवात त्यांनी तीन वर्षांपूर्वी घरात घोटाळा केला. लेक अनुया पुण्याला मिक्सिंग, म्हणजे ध्वनिमुद्रणातले आवाज जुळवणं, शिकत होती. तिनं आपलं पहिलं गाणं पाठवलं, आणि यांनी फोनवर सांगून टाकलं, "डबा बडवल्यासारखं वाटतंय." अनुया हसली. पण त्यानंतर तिनं बापाला एकही गाणं ऐकवलं नाही. जयपूरला परत आली, प्रताप नगरात मैत्रिणीबरोबर छोटा स्टुडिओ काढला, घरी सगळं बोलायची, फक्त कामाचं नाही. श्रीपादरावांना ते वाक्य रोज टोचायचं. परत घ्यायचं तर खोटं बोलावं लागणार, आणि गाण्याच्या बाबतीत ते कधी खोटं बोलले नव्हते.

म्हणून त्या रविवारी सकाळी अनुया कचोऱ्यांची पुडी आणि फोन घेऊन समोर उभी राहिली, तेव्हा त्यांनी आधी पुडीच हातात घेतली.

"बाबा, अख्खा अल्बम केलाय. उद्या रिलीज. तू ऐकून सांग. मतलब, खरं खरं."

त्यांनी आपल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला तिचा फोन जोडला. पहिलं गाणं सुरू झालं आणि त्यांचा धीरच सुटला. तेच सगळं! मोहरी तडतडावी तशा झांजा, घुमणारा बास, गुदमरलेली गायिका. स्वयंपाकघराच्या दारात विनयाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. गाणं संपलं.

"छान आहे," श्रीपादराव म्हणाले. गाण्याबद्दलचं आयुष्यातलं पहिलं खोटं, तेही धड जमलं नाही.

अनुयाचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती त्यांच्याकडे नाही, स्पीकरकडे बघत होती.

"हे असं नाही वाजत. मी असं केलंच नाहीये." ती उठून अ‍ॅम्प्लिफायरपाशी गेली. "बाबा, बटणांवर ही पट्टी कसली?"

"हात लावू नकोस! भोपाळहून सामान हलवताना लावलीय. सेटिंग बिघडू नये म्हणून."

"कसलं सेटिंग?"

"कॅसेटी झिजल्या होत्या. आवाज दबका यायचा. म्हणून बास आणि ट्रेबल दोन्ही पूर्ण वाढवून..."

अनुयानं पिवळी पडलेली चिकटपट्टी नखानं सोलली. दोन्ही बटणं टोकाला जाऊन बसली होती.

"आणि नवे अल्बम कशावर ऐकतोस?"

"ह्याच्यावरच," श्रीपादराव पुटपुटले.

तिनं दोन्ही बटणं मध्यावर आणली आणि तेच गाणं पुन्हा लावलं. आता ढोल दूर, मोकळ्या खोलीत वाजत होता. गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचं ऐकू येत होतं. आणि गायिका चक्क श्वास घेत होती! श्रीपादरावांचा जीव भांड्यात पडला. ते डोळे मिटून ऐकत राहिले, आठच्या आठ गाणी, आणि कचोऱ्या गार झाल्या.

"फार सुंदर झालंय गं," ते म्हणाले.

"मघाशीही छानच म्हणाला होतास."

"पण पाचव्या गाण्यात दुसरी गिटार पुढे येतेय. शब्द झाकले जातात."

अनुया खळखळून हसली. "मलापण तेच वाटत होतं! संध्याकाळपर्यंत करते ठीक." आता तिला ते 'सुंदर'ही खरं वाटलं होतं.

विनयाबाईंनी मात्र संधी सोडली नाही. "आता पंचवीस-तीस वर्षांच्या अल्बमांची माफी कोणाकोणाकडे मागणार?"

"मागेन. ग्रुपवर आजच लिहितो," श्रीपादराव म्हणाले. मग लेकीकडे वळले. "पण आधी एकाच गाण्याची. ते तुझं पहिलं गाणं आहे का अजून? डबा म्हणालो होतो ते? तेही ह्याच्यावरच ऐकलं होतं."

अनुयानं मान डोलावली. फोनमध्ये तिला ते शोधावं लागलं नाही.

"लाव," ते म्हणाले, आणि खुर्ची स्पीकरजवळ ओढून बसले.